शहर नियोजनावरचा पेपर कुठे पाठवायचा? जर्नलचं वजन जोखायची रीत, खान्देशातल्या संशोधकांसाठी

‘सर, या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर ७.८३६ आहे, चार दिवसांत छापून देतात, फी फक्त दीड हजार. पाठवून देऊ?’ जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतून हा प्रश्न वर्षभर चालू असतो, आणि प्रमोशनच्या फायली हलायला लागल्या की जरा जास्तच. उत्तर ‘नको’ हेच. पण नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही. मग पाठवायचं कुठे, आणि ते जर्नल चांगलं आहे हे कशावरून ठरवायचं, हे सांगावं लागतं.

आपल्या भागात शहरांवर काम करणाऱ्यांपैकी प्लॅनिंगची पदवी असलेले थोडे. बाकीचे भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा सिव्हिलचे. त्यामुळे आपल्या विषयाची जर्नल कोणती हेच अनेकांना ठाऊक नसतं, आणि मग इम्पॅक्ट फॅक्टरचा आकडा (जर्नलच्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा उल्लेख केला ते सांगणारा) बघून उडी मारली जाते. माझा क्रम उलटा आहे: आधी वाचक, मग जर्नल, आणि आकडा तिसरा.

पायरी पहिली: तुमचा पेपर कोणी वाचायला हवा?

समजा तुम्ही जळगावातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर काम केलंय. शहर महामार्गाच्या दोन्ही अंगांनी वाढत गेलं आणि लांब पल्ल्याचे ट्रक, शाळेच्या रिक्षा आणि पायी रस्ता ओलांडणारी माणसं एकाच डांबरावर आली. या एका कामातून तीन पेपर निघू शकतात. अपघातांची जागावार मांडणी केली असेल तर वाचक वाहतूक-सुरक्षेतला, म्हणजे ‘ॲक्सिडेंट ॲनालिसिस अँड प्रिव्हेन्शन’सारखं जर्नल. महामार्गालगतच्या शेतजमिनी एन.ए. होऊन त्यांचे प्लॉट कसे पडले हे दाखवलं असेल, तर ‘लँड यूज पॉलिसी’ किंवा ‘हॅबिटॅट इंटरनॅशनल’. आणि विकास आराखडा, त्यावरच्या हरकती-सूचना, सुनावणी यांत निर्णय कसे वळले हे सांगायचं असेल, तर ‘प्लॅनिंग थिअरी अँड प्रॅक्टिस’ किंवा आपलं मुंबईचं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’. माहिती तीच, प्रश्न बदलला की पत्ता बदलतो.

धुळ्याचं उदाहरण याहून गमतीचं. १८१९ नंतर इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने नवं धुळं आखलं. ते सरळ रस्ते आणि आजही नंबराने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या हा कुणाच्या अभ्यासाचा विषय असेल, तर नियोजनाच्या इतिहासाला वाहिलेलं ‘प्लॅनिंग पर्स्पेक्टिव्ह्ज’ आहे, १९८६ पासून निघतंय. तोच पेपर ‘अर्बन क्लायमेट’ला पाठवला तर संपादकाच्या टेबलावरूनच परत येईल, समीक्षकापर्यंत पोचणारही नाही. उलट भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हावर, पत्र्याच्या घरांवर आणि झाडांच्या सावलीवर काम असेल तर ‘अर्बन क्लायमेट’ किंवा ‘लँडस्केप अँड अर्बन प्लॅनिंग’ हीच योग्य जागा.

बाकी महत्त्वाची नावं भराभर सांगतो. ‘टाउन प्लॅनिंग रिव्ह्यू’ १९१० पासूनचं, लिव्हरपूलचं, या विषयातलं सर्वांत जुन्यांपैकी. ‘जर्नल ऑफ द अमेरिकन प्लॅनिंग असोसिएशन’चा भर अमेरिकेतल्या प्रत्यक्ष नियोजनावर. ‘अर्बन स्टडीज’ १९६४ चं, ग्लासगोचं. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ अर्बन अँड रीजनल रिसर्च’ १९७७ चं, सिद्धांताकडे झुकलेलं; तिथे नुसती सर्वेक्षणाची टेबलं चालत नाहीत. लंडनहून १९८९ पासून निघणारं ‘एन्व्हायर्नमेंट अँड अर्बनायझेशन’ आपल्यासारख्या देशांतल्या वस्त्या, पाणी, घरं यांना जागा देतं. त्याचं आशियाई भावंड ‘एन्व्हायर्नमेंट अँड अर्बनायझेशन एशिया’ २०१० पासून दिल्लीच्या राष्ट्रीय नगर कार्य संस्थेशी जोडलेलं आहे. मध्यम भारतीय शहरावरचा पहिला पेपर असेल तर मी आधी इथे बघायला सांगतो.

जर्नल सापडत नसेल तर एक साधी युक्ती आहे. तुमच्याच पेपरची संदर्भसूची उघडा आणि कोणतं जर्नल किती वेळा आलंय ते मोजा. ज्याचं नाव चार-पाचदा आलंय, तिथेच तुमचा विषय चर्चेत आहे. जिथे पाठवताय त्या जर्नलमधला एकही पेपर तुमच्या यादीत नसेल, तर एक तर जर्नल चुकलंय किंवा वाचन कमी पडलंय.

पायरी दुसरी: इम्पॅक्ट फॅक्टर हाताने काढून बघा

ही कल्पना युजीन गारफिल्ड यांची. सायटेशनची, म्हणजे एका लेखाने दुसऱ्या लेखाच्या केलेल्या उल्लेखांची, सूची करण्याचा विचार त्यांनी १९५५ साली मांडला, आणि १९७५ पासून ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’ निघायला लागले. आज हे काम क्लॅरिव्हेट कंपनी करते. नवे आकडे दरवर्षी जूनमध्ये येतात.

हिशेब असा. २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर काढायचा, तर २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत त्या जर्नलने छापलेल्या मजकुराचा उल्लेख २०२४ मध्ये किती वेळा झाला ते घ्यायचं, आणि त्याला त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचं. समजा एका जर्नलने २०२२ मध्ये ४० आणि २०२३ मध्ये ६० लेख छापले. एकूण १००. त्यांना २०२४ मध्ये ३५० सायटेशन मिळाली. इम्पॅक्ट फॅक्टर झाला ३.५.

आता त्या शंभरात एक मोठा आढावा-लेख आहे, जो सगळेच उद्धृत करतात, आणि त्याला एकट्यालाच १२० सायटेशन आहेत असं धरा. उरलेल्या ९९ लेखांच्या वाट्याला २३० आली, म्हणजे सरासरी २.३. त्यातही वीस-पंचवीस लेखांनी बहुतेक सायटेशन ओढलेली असतात, आणि बऱ्याच लेखांच्या खात्यात शून्य किंवा एक असतं. म्हणून ‘३.५ च्या जर्नलमध्ये पेपर आला’ म्हणजे तुमच्या पेपरला साडेतीन सायटेशन मिळणार, असं मुळीच नाही. तो आकडा जर्नलच्या सरासरीचा, तुमच्या लेखाचा नव्हे. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या ‘डोरा’ जाहीरनाम्याने हेच बजावलं: संशोधकाची नेमणूक किंवा बढती जर्नलच्या आकड्यावर ठरवू नका.

आणखी एक फट आहे. वरच्या आकड्यात, म्हणजे अंशात, संपादकीय आणि पत्रांना मिळालेली सायटेशनसुद्धा धरली जातात. छेदात मात्र फक्त संशोधन-लेख आणि आढावा-लेख. चलाख संपादक संपादकीयातच आपल्या जर्नलमधले गेल्या दोन वर्षांतले लेख उद्धृत करत सुटला, तर आकडा फुगतो. असली चलाखी पकडली गेली की क्लॅरिव्हेट त्या जर्नलचा आकडा जाहीर करणंच थांबवते.

स्कोपस ही जर्नल आणि त्यांतल्या लेखांची दुसरी मोठी सूची; तिच्या आकड्याचं नाव साइटस्कोर. २०१६ च्या डिसेंबरात तो आला, २०२० मध्ये त्याची रीत बदलली आणि आता तो चार वर्षांची खिडकी धरतो: २०२४ च्या आकड्यासाठी २०२१ ते २०२४ मध्ये छापलेलं, त्याच चार वर्षांत उद्धृत झालेलं. त्यामुळे एकाच जर्नलचा साइटस्कोर सहसा इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा मोठा दिसतो. एका जर्नलचा साइटस्कोर आणि दुसऱ्याचा इम्पॅक्ट फॅक्टर शेजारी ठेवून तुलना करणं निरर्थक आहे; तरी निवड समितीपुढे अशा टेबलांचे बायोडेटा सर्रास येतात.

एसजेआर हा तिसरा आकडा, तोही स्कोपसच्याच माहितीवर बेतलेला. फरक इतकाच की इथे सायटेशन कोणाकडून आलं यालाही वजन आहे. वजनदार जर्नलने घेतलेली दखल जास्त धरली जाते. स्निप हा चौथा, लायडन विद्यापीठातून आलेला. ज्या विषयात मुळातच सायटेशन कमी होतात, त्या विषयाचा विचार करून तो आकडा समायोजित करतो. शहर नियोजनवाल्यांनी तो आवर्जून बघावा, कारण आपल्या विषयात इतिहास आणि सिद्धांत यांचे लेख उपग्रह-चित्रांच्या लेखांसारखे भराभर उद्धृत होत नाहीत. आणि गूगल स्कॉलरचा एच-५: गेल्या पाच पूर्ण वर्षांतल्या किमान ‘एच’ लेखांना प्रत्येकी किमान ‘एच’ सायटेशन. मोठं, भरमसाट छापणारं जर्नल इथे आपोआप वर जातं, हे लक्षात ठेवा.

पायरी तिसरी: फुकटात तपासा, आणि स्वतः तपासा

जर्नलच्या वेबसाइटवरचा लोगो हा पुरावा नव्हे. तो कोणीही चिकटवतो.

स्कोपसच्या ‘सोर्सेस’ पानावर लॉगिन न करता शोध घेता येतो. नावाने शोधू नका, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख-क्रमांक) टाका, कारण नामांकित जर्नलच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन बनावट साइट काढणारे आहेत. जर्नल उघडलं की नावाखाली ‘कव्हरेज’ची वर्षं दिसतात. तिथे शेवटचं वर्ष जुनं असेल आणि पुढे ‘डिसकंटिन्यूड’ असा शेरा असेल, तर जर्नल यादीतून गेलंय. एजंट मात्र ‘स्कोपस इंडेक्स्ड’ म्हणत राहतो, कारण एके काळी ते होतं! यात दुखणं असं की पेपर स्वीकारला जाईपर्यंत जर्नल यादीत असतं आणि छापून येईपर्यंत बाहेर. म्हणून पाठवताना आणि पैसे भरताना अशी दोनदा तपासणी करा आणि तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा.

वेब ऑफ सायन्स ही क्लॅरिव्हेटची सूची; तिच्यासाठी त्यांची ‘मास्टर जर्नल लिस्ट’ आहे, तीही मोफत. मोठं नाव यादीत कायम राहीलच असं नाही. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ एन्व्हायर्नमेंटल रिसर्च अँड पब्लिक हेल्थ’चा आकडा ४ च्या वर होता आणि शहरी आरोग्यावरचे ढीगभर लेख त्यात येत. २०२३ च्या मार्चमध्ये ते वेब ऑफ सायन्समधून काढलं गेलं.

एसजेआरचं संकेतस्थळ तर पूर्ण खुलं. तिथे विषय-गट निवडा. आपल्या कामाचे दोन: ‘अर्बन स्टडीज’ आणि ‘जिओग्राफी, प्लॅनिंग अँड डेव्हलपमेंट’. इथे क्वार्टाइलचा घोळ समजून घ्या. गटातल्या जर्नलचे आकड्याप्रमाणे चार भाग केले की वरचा पाव हिस्सा क्यू-१. पण एकच जर्नल दोन-तीन गटांत असतं, आणि एका गटात क्यू-१ तर दुसऱ्यात क्यू-२ असू शकतं. प्रकाशक साहजिकच चांगलं ते मिरवतो. शिवाय एसजेआरचा क्यू-१ वेगळा, साइटस्कोरच्या क्रमवारीतला वेगळा, क्लॅरिव्हेटचा वेगळा. कोणी ‘क्यू-१ आहे’ म्हटलं की विचारायचं: कोणाच्या यादीत, कोणत्या गटात, कोणत्या वर्षी? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर तो दावा बाजूला ठेवा.

पायरी चौथी: बनावट ओळखा

सुरुवातीच्या प्रश्नातला ७.८३६ बघा. जून २०२३ पासून क्लॅरिव्हेट इम्पॅक्ट फॅक्टर दशांशानंतर एकाच अंकापर्यंत देते. त्यामुळे आजच्या जाहिरातीत तीन दशांश दिसले की समजावं, आकडा एक तर जुना आहे किंवा भलत्याच कोणाचा. ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’, ‘सायंटिफिक’ असली विशेषणं लावून पैशावर इम्पॅक्ट फॅक्टर वाटणाऱ्या दुकानांचा सुळसुळाट आहे.

अशी मेल तुम्हालाही आली असेल: ‘आदरणीय संशोधक’ अशी सुरुवात, तुमच्या जुन्या पेपरचं तोंड भरून कौतुक (तो पेपर बहुधा भलत्याच विषयावरचा), ‘७२ तासांत स्वीकृती’, ‘सर्व विषयांचं बहुशाखीय जर्नल’, सर्टिफिकेटचा रंगीत नमुना, आणि खाली कोणा व्यक्तीच्या नावाचा यूपीआय क्रमांक. नगररचना, नर्सिंग, संस्कृत आणि नॅनो-तंत्रज्ञान एकाच अंकात असेल तर त्या पेपरची समीक्षा कोणी केली असेल? संपादक मंडळातली दोन नावं घ्या आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन बघा, त्या जर्नलचा उल्लेख तिथे आहे का.

‘आयएसएसएन आहे ना’ हे कारणही पुरेसं नाही. आयएसएसएन म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर. जमीन ओळखता येते, पीक कसं येईल ते कळत नाही.

यादीवर विसंबून राहण्याची सवय आपल्याला विद्यापीठ अनुदान आयोगानेच लावली आणि नंतर मोडलीही. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी आयोगाच्या मान्य यादीतली जर्नल तपासून ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली लिहिलं की तपासलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के दर्जाच्या कसोटीवर उतरत नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने एका झटक्यात ४,३०५ जर्नल वगळली. २०१९ मध्ये मान्य जर्नलची नवी ‘केअर’ यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचं कळवलं आणि जर्नल पारखण्याचे निकष देऊन जबाबदारी संस्थांवर टाकली. म्हणजे आता ‘केअर लिस्टेड’ अशी जाहिरात करणारा जुना माल विकतोय.

पायरी पाचवी: गुणांचं गणित, कारण पोट त्यावर आहे

आदर्श काहीही असो, प्राध्यापकाला गुण लागतात. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतल्या संशोधन-गुणांच्या टेबलात इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या समीक्षित जर्नलमधल्या पेपरला ५ गुण आहेत. आकडा १ पेक्षा कमी असेल तर १०, १ ते २ ला १५, २ ते ५ ला २०, ५ ते १० ला २५ आणि १० च्या वर ३०. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. त्याहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि इतरांना प्रत्येकी ३० टक्के. गंमत अशी की नियमावली इम्पॅक्ट फॅक्टर ‘थॉमसन रॉयटर्स’च्या यादीप्रमाणे धरायला सांगते, आणि थॉमसन रॉयटर्सने तो धंदा २०१६ मध्येच विकून टाकला होता. अर्थ क्लॅरिव्हेट असाच घ्यायचा. साइटस्कोर किंवा एसजेआर त्या रकान्यात भरू नका; छाननीत कोणीतरी बोट ठेवतंच.

हे टेबल आपल्या विषयावर जरा अन्यायच करतं. शहर नियोजनातही पर्यावरण, भू-वापर, उपग्रह-चित्रं यांच्याकडे झुकलेल्या जर्नलचे आकडे मोठे असतात. नियोजनाचा इतिहास किंवा सिद्धांत छापणाऱ्यांचे लहान. धुळ्याच्या आखणीवर वर्षभर दफ्तरं चाळून लिहिलेल्या पेपरला भुसावळच्या तापमान-नकाशापेक्षा कमी गुण मिळू शकतात. म्हणून विषय बदलू नका. जर्नलची नोंद, गट आणि त्या गटातला क्रमांक फाइलला जोडा. समितीत समजणारा एक जरी असेल तरी उपयोग होतो.

पीएच.डी.वाल्यांसाठी एक सुटका आहे. २०२२ च्या नियमावलीने प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर छापलाच पाहिजे ही आयोगाची सक्ती काढली. नियमातल्या त्या एका ओळीपायी घाईघाईत दीड हजार रुपये टाकायचं कारण आता उरलेलं नाही. तरी आपल्या विद्यापीठाचा चालू अध्यादेश एकदा वाचून घ्या.

पायरी सहावी: पैसे, प्रवेश, प्रतीक्षा

चांगल्या जर्नललाही फी असू शकते, हे मान्य करायला हवं. खुल्या प्रवेशाची फी हजार-दोन हजार डॉलरच्या पुढेही जाते. पण मोठ्या प्रकाशकांची बरीच जर्नल दोन्ही वाटा ठेवतात: वर्गणीची वाट निवडली तर लेखकाला काही द्यावं लागत नाही. स्वीकृतीनंतर येणाऱ्या ऑनलाइन फॉर्मवर हा पर्याय असतो आणि घाईत ‘ओपन ॲक्सेस’वर टिक होऊन बसते. तिथे थांबून वाचा.

लेख वाचायला मिळत नाहीत ही तक्रार आता बरीचशी जुनी झाली. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून चालू आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल केंद्र आणि राज्य सरकारच्या ६,३०० वर संस्थांना खुली झाली. त्यात तुमचं कॉलेज बसतं का ते ग्रंथपालाला विचारा. बसत नसेल तर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून काम होईल का याची चौकशी करा.

समीक्षेला तीन-चार महिने लागणं सामान्य, वर्षही लागतं. तेवढ्यात तोच पेपर दुसरीकडे पाठवायचा नाही. ‘मेजर रिव्हिजन’, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांची सूचना, आली तर खचू नका, ती बरी बातमी आहे. समीक्षकाच्या प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर लिहा आणि बदल कोणत्या पानावर केला ते सांगा.

आकड्यात न मावणारा प्रभाव

शेरी अर्नस्टाइन यांचा नागरिकांच्या सहभागाच्या शिडीवरचा लेख १९६९ साली अमेरिकन नियोजकांच्या संस्थेच्या जर्नलमध्ये आला. आठ पायऱ्या: फसवणुकीपासून नागरिकांच्या हाती सत्तेपर्यंत. आजही सहभागावर लिहिणारा माणूस त्याला वळसा घालून जाऊ शकत नाही. दोन वर्षांच्या खिडकीतून पाहिलं तर १९७१ नंतरची ती सगळी दखल त्या हिशेबात येतच नाही. आपल्याकडे विकास आराखड्यावर हरकती मागवतात, सुनावणी होते आणि पुढे काय झालं ते कोणाला कळत नाही, हा प्रकार त्या शिडीवर चौथ्या पायरीच्या, म्हणजे नुसत्या सल्लामसलतीच्या, आसपासचा. खान्देशातल्या कोणत्याही नगरपालिकेच्या आराखड्यावर ही शिडी लावून बघता येईल.

आणि आकडा नसलेल्या नियतकालिकांना नाक मुरडायचं कारण नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचं ‘संशोधक’ त्रैमासिक जुन्या गावांवर, कागदपत्रांवर काम करणाऱ्याला टाळताच येत नाही. त्यात लिहिलेल्याचे आयोगाच्या टेबलात फार गुण होणार नाहीत, पण धुळ्यावर पुढे लिहिणारा तिथेच येईल. म्हणून एक काम मी सगळ्यांना सांगतो: इंग्रजी पेपर कुठेही छापा, त्याचा मराठी मुद्देसूद गोषवारा करा, दोन पानांचा, नकाशासह. एक प्रत महापालिकेच्या नगररचना विभागात द्या आणि आवकची तारीख-शिक्का असलेली पोच घ्या. तुमच्या भागाच्या आराखड्यावर हरकती मागवल्या जातील तेव्हा तोच गोषवारा हरकतीला जोडा. ओआरसीआयडीवर (संशोधकाचा स्वतःचा ओळख-क्रमांक देणाऱ्या साइटवर) नोंद करा, प्रकाशकाच्या नियमात बसत असेल तर स्वीकृत प्रत विद्यापीठाच्या साठ्यात ठेवा, आणि गूगल स्कॉलरवर आपलं नाव एकाच स्पेलिंगने येतंय ना ते बघा. पाटील आणि चौधरी आडनावांच्या गर्दीत ही तपासणी राहून गेली, तर तुमची सायटेशन भलत्याच पाटलांच्या खात्यात जमा होत राहतील.